‘त्यांच्या लोकांचं दुखणं’ आपल्या घरात

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं हे पत्र. गाव किंवा घर ओळखू येईल असं सगळं काढून, त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देत आहे.)

“मी चौदा वर्षांपासून आशा वर्कर आहे. गाव माझं, आणि अडीच किलोमीटरवरचा कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, तीही माझ्याकडेच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला मी शेकडो लोकांना समजावून नेलं. मागच्या महिन्यात मुलीच्या कॉलेजात शिबिर झालं. ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा रिपोर्ट एएस आला, म्हणजे ती वाहक आहे. तेव्हापासून घरात कुणी धड जेवत नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘हे तं त्याइच्या लोकाइचं दुखनं आहे. आपल्या घरात आलंच कसं?’ हे म्हणाले, ‘आमच्या खानदानात कोनालेच नाही, तुह्याच माहेरचं असन.’ गावात कुणाच्या तोंडून गेलं कोण जाणे, एका कार्यक्रमात एक बाई माझ्यादेखत बोलली, ‘रक्तात भेसळ असल्याबिगर हे येत नाही.’ परवा पोडावर गेले तर एका कोलाम बाईनं विचारलं, ‘बाई, तुमच्या पोरीलेही आहे म्हंते?’ तिनं चांगल्या मनानंच विचारलं. पण मला इतकी लाज वाटली की फॉर्म अर्धेच भरून परत आले. मुलीची सोयरीक वर्धा जिल्ह्यात जुळत आली आहे. तुळशीच्या लग्नानंतर पाहुणे बोलणीला येतील. यांचं म्हणणं, रिपोर्ट फाडून टाक. मुलगी ऐकत नाही. ती म्हणते, ‘आई, आजी बोलते तो वंशवादच आहे.’ मी म्हटलं, वंशवाद अमेरिकेत असतो, काळ्या-गोऱ्यांचा. आपल्या गावात सगळे एकाच रंगाचे. तर म्हणे, वंश ही गोष्टच माणसानं बनवली आहे. आता तुम्ही सांगा. आमच्या रक्तात मागे कधी काही मिसळलं असेल का? पाहुण्यांना सांगू की नको? आणि पोरगी म्हणते ते खरं, की नुसतं पुस्तकातलं?”

ताई,

तुमची मुलगी आजारी नाही. हे वाक्य तुम्ही किती दारांत उभं राहून बोलला असाल, म्हणून आधी तेच तुम्हाला परत सांगते. एएस म्हणजे आईबापांपैकी एकाकडून सिकलचं जनुक आलं, दुसऱ्याकडून साधं. दोघांकडून साधं आलं तर एए, दोघांकडून सिकलचं आलं तर एसएस, आणि आजारी असतो तो एसएस. एएस माणसं शेतात राबतात, बाळंत होतात, म्हातारी होतात, आणि तपासणी झाली नाही तर बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. तिला औषध नको. फार उन्हात, फार दमछाकीत पाणी पीत राहावं, एवढंच तिनं सांभाळायचं.

पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. तुमच्या आणि तुमच्या यजमानांच्या स्वतःच्या रिपोर्टचा उल्लेख कुठेच नाही. मुलगी एएस आहे म्हणजे तुम्हा दोघांपैकी निदान एकात ते जनुक आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी चौदा वर्षं दुसऱ्यांची बोटं टोचून घेताना स्वतःचं बोट पुढे करायचं राहून गेलं. मी हे दोष द्यायला म्हणत नाही. ते का राहिलं, याचा तुम्ही शांतपणे विचार करावा असं वाटतं. मला वाटतं, तुमच्याही मनात कुठेतरी ते ‘त्यांचं’ होतं. तुम्ही ज्या आपुलकीनं पोडावर जाता ती खोटी नाही. पण आपण मदत करणारे आणि दुखणं त्यांचं, अशी एक रेघ त्या आपुलकीच्या आतही होती. मुलीच्या रिपोर्टनं ती रेघ पुसली, आणि तुम्हाला जी लाज वाटली ती तिथून आली असावी. दुखण्याची लाज कुणाला वाटत नाही, साखर निघाली म्हणून कुणी तोंड लपवत नाही. लाज वाटली ती ‘त्यांच्यातले’ ठरल्याची.

हे मी बाहेरून बोलत नाही. आमच्या लहानपणी घरी कोलाम माणसं बांबूच्या टोपल्या विकायला यायची. माझी आजी मोठी प्रेमळ बाई, कुणाला उपाशी पाठवायची नाही. त्यांनाही भाकर द्यायची, पण हातावर वरून टाकायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘त्याइले तसंच चालते.’ तिच्या आवाजात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. ऊन पडतं, पाऊस पडतो, तसंच हेही आहे, असा तो आवाज होता. मी कॉलेजात जाईपर्यंत ते खरं मानत होते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण ‘भेसळ’ या शब्दानं तुम्हाला सगळ्यात जास्त दुखवलं आहे.

हाच शब्द, हाच संशय, याच आजारावरून, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घेतला गेला होता. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचं प्रसिद्ध केलं. तो तरुण कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला, काळा होता. पुढचे रुग्णही काळेच सापडत गेले आणि डॉक्टरांनी ठरवून टाकलं की हा निग्रोंचा आजार. मग काही वर्षांनी तो ग्रीक आणि इटालियन मुळाच्या गोऱ्या कुटुंबांत निघाला. आपलं गृहीत चुकलं, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. पण कित्येक डॉक्टर उलट त्या कुटुंबांवरच संशय घेऊ लागले: यांच्या पूर्वजांत कधीतरी काळं रक्त मिसळलं असणार. रिपोर्ट समोर असताना त्यांनी रिपोर्टवर विश्वास ठेवला नाही, वंशाच्या समजुतीवर ठेवला. तुमच्या गावातली ती बाई शिकलेली नसेल, ते डॉक्टर मोठ्या शहरांतले होते. चूक मात्र तीच.

खरं कारण दुसऱ्याच ठिकाणी होतं. अँथनी अ‍ॅलिसन या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ साली दाखवलं की ज्या मुलांमध्ये हे एकच जनुक असतं, म्हणजे तुमच्या मुलीसारखी एएस मुलं, त्यांना मलेरिया जिवावर बेतण्याइतका सहसा होत नाही. जिथे शेकडो पिढ्या मलेरियानं मुलं मारली, तिथे ही मुलं जगली, वाढली, त्यांना मुलं झाली, आणि जनुक टिकलं. म्हणून ते पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे. म्हणूनच ते ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोसच्या आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांत आहे, कारण तिथे दलदलीचं मोठं तळं होतं. अरबस्तानातल्या हिरव्या पट्ट्यांत आहे, निलगिरीच्या डोंगरात आहे, आणि आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाटच्या जंगलपट्ट्यात आहे. उलट दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत ते क्वचितच आढळतं. तेही काळेच. पण त्यांच्या मुलखात मलेरियाचा तसा जोर नव्हता. या आजाराचा नकाशा काढला तर तो मलेरियाच्या डासाचा नकाशा होतो, कातडीच्या रंगाचा होत नाही.

मग पोडावर जास्त का सापडतो, असं तुम्ही विचाराल, आणि ते विचारायलाच हवं. एक तर ही माणसं पिढ्यान् पिढ्या त्या जंगलात, त्या डासांत राहिली. दुसरं, लग्नं आपसांत झाली, म्हणून जनुक त्याच घरांत फिरत राहिलं. आपल्याकडे तो आदिवासींत, दलितांत आणि इतर मागासवर्गीयांतल्या काही समाजांतही सापडतो. जो समाज त्या पट्ट्यात राहिला आणि आपल्यातच सोयरिकी करत राहिला, त्याच्यात तो साठला. लग्न कुणाशी करायचं हे माणसांनी ठरवलं. शरीरात दिसणारी ही ‘जातीची खूण’ त्या ठरवण्याची उमटलेली छाप आहे.

आणि मिसळ? हो ताई, मिसळ झाली आहे. तुमच्यात, माझ्यात, त्या बोलणाऱ्या बाईत, पोडावर, वाड्यावर, सगळीकडे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातल्या समूहांची आपसांत भरपूर मिसळ झाली, आज अगदी एकटे राहणाऱ्या समूहांचीसुद्धा. त्यानंतर ती थांबत गेली, कारण जातीतच लग्न करायची रीत घट्ट झाली. त्यामुळे ‘भेसळ’ हा शब्दच इथे लागत नाही. भेसळ दुधात होते, कारण आधी निव्वळ दूध असतं. निव्वळ रक्ताचा माणूस या देशात कधी नव्हता.

आता तुमच्या लेकीचं बोलणं. ती बरोबर आहे. मात्र नुसतं ‘वंश नसतो’ म्हटल्यानं तुमचं समाधान होणार नाही, माझंही झालं नव्हतं.

आपल्या भाषेनं यात एक गोंधळ करून ठेवला आहे. वंश म्हटलं की आपल्याला वंशवेल आठवते, वंशाचा दिवा आठवतो. म्हणजे घराण्याची ओळ: आजा, बाप, लेक. ती ओळ खरी आहे, तिच्यातून जनुकं खाली येतात. युरोपीय लोकांनी ‘रेस’ म्हणून जी कल्पना काढली, तिच्यासाठीही आपण हाच शब्द घेतला. त्यामुळे काळा वंश, गोरा वंश म्हटलं की ती घराण्याइतकीच खरी, रक्तातून उतरलेली गोष्ट वाटते. पण दोन्हींत फार अंतर आहे. रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञांनी १९७२ साली हिशोब मांडला की माणसामाणसांत जे जनुकीय फरक असतात त्यांतले सुमारे ८५ टक्के एकाच समूहाच्या आतले असतात. ‘काळा’, ‘गोरा’, ‘पिवळा’ असे मोठे गठ्ठे बांधले तर त्या गठ्ठ्यांमधल्या फरकाला फार थोडा हिस्सा उरतो. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या दोन घरांत जितका फरक असेल, त्यात लांबच्या देशातला माणूस आणला तरी फारशी भर पडत नाही.

मग हे गठ्ठे बांधले कुणी? याचं उत्तर शेतीत आहे, आणि तुम्ही शेतकरी घरातल्या असल्यामुळे ते तुम्हाला लवकर कळेल.

१६१९ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रजांच्या वसाहतीत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं पहिल्यांदा उतरवली गेली. तिथे तंबाखू पिकत होता आणि राबायला माणसं कमी होती. इंग्लंडातले गरीब लोकही करारानं तिथे यायचे. आपल्याकडच्या सालदारासारखेच, पण चार-सात वर्षांसाठी बांधलेले. सुरुवातीची काही दशकं दोघं एकाच शेतात राबत, एकत्र पळूनही जात. मालकांना प्रश्न पडला तो मजुराचा: कायमचा, बिनपगारी मजूर कसा मिळेल? मग एकेक कायदा आला. १६६२ मध्ये ठरलं की मूल आईच्या दर्जाचं होईल. इंग्रजांच्या रिवाजात मूल बापाकडून ओळखलं जायचं. इथे ते मुद्दाम उलटं केलं, म्हणजे गुलाम बाईला मालकापासून मूल झालं तरी ते मालकाचंच गुलाम. १६७६ मध्ये बेकन नावाच्या जमीनदाराच्या बंडात गोरे करारी मजूर आणि काळे गुलाम एका बाजूनं लढले, आणि त्या बंडात वसाहतीची राजधानी जेम्सटाउन जाळली गेली. मालकांच्या पोटात तेव्हा भीतीचा गोळा आला असणार. १७०५ च्या मोठ्या कायद्यात दोघांच्या मध्ये भिंतच उभी केली: करार संपल्यावर गोऱ्या गड्याला मका, थोडे पैसे आणि एक बंदूक, आणि काळ्यानं, तो स्वतंत्र असला तरी, गोऱ्यावर हात उचलला तर तीस फटके. गरीब गोरा गरीबच राहिला. पण आता त्याच्या खाली कुणीतरी होतं.

क्रम लक्षात घ्या. आधी काम हवं होतं, मग कायदा झाला, आणि त्याला शोभेल असं ‘शास्त्र’ सगळ्यात शेवटी आलं. लिनियस या स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञांनी माणसाचे चार प्रकार पाडले ते १७३५ मध्ये. ब्लूमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी पाच वंश सांगून ‘कॉकेशियन’ हे नाव रूढ केलं ते १७९५ मध्ये, कॉकेशस डोंगरांतल्या जॉर्जिया या मुलखातल्या एका बाईची कवटी त्यांना सगळ्यात सुंदर वाटली म्हणून. माणसं हलकी ठरवून झाली होती. ती हलकी का, याचं कारण नंतर शोधलं गेलं.

आणि मग कापूस आला. १७९३ साली अमेरिकेत सरकी काढायचं जिनिंगचं यंत्र निघालं, आणि कापूस इतका परवडू लागला की गुलामांची संख्या १७९० मधल्या सुमारे ७ लाखांवरून १८६० पर्यंत ३९ लाखांवर गेली. वेचणीला गेलेल्या बाईला सांगावं लागत नाही की वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना काय करतात. तिथे ती बोटं विकत घेतलेली होती. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात तो कापूस अडला तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले, भाव चढले, आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाही आला. आपल्या काळ्या मातीचा त्या गोष्टीशी इतका जवळचा धागा आहे. म्हणून ‘वंशवाद अमेरिकेत असतो’ हे वाक्य मला पटत नाही, आपण त्याच बाजारात उभे होतो.

तुम्ही म्हणता, आपल्याकडे सगळे एकाच रंगाचे. त्यावर एकच उदाहरण देते. जर्मनीत नाझींनी ज्यूंना वेगळा वंश ठरवलं. ते ज्यू दिसायला शेजाऱ्यांसारखेच, बोलायला जर्मनच. १९३५ साली कायदा करताना ज्यू कोण हे ठरवायची वेळ आली तेव्हा रक्त काहीच सांगेना. शेवटी आजी-आजोबांची नावं कुठल्या धर्माच्या नोंदीत आहेत ते पाहिलं. पुढे त्यांच्या कपड्यांवर पिवळा तारा शिवायला लावला, कारण चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हते. वंशवादाला रंग असला तर सोयीचं, नसला तरी त्याचं अडत नाही. त्याला एकच गोष्ट लागते: माणसाची किंमत जन्माबरोबर येते, ती रक्तात असते आणि काही केलं तरी बदलत नाही, हा समज. आणि हे सगळे कायदे शेवटी कुठे जाऊन पोचतात तेही बघा. त्याच १९३५ मध्ये जर्मनीनं ज्यूंशी लग्नाला बंदी केली. व्हर्जिनियानं १९२४ मध्ये गोऱ्यांच्या रक्तात दुसऱ्या रक्ताचा अंशही नको म्हणून लग्नावरची बंदी आणखी कडक केली होती, ती थेट १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मोडली. तुमच्या घरातही हा प्रश्न पोरीच्या सोयरिकीवरूनच पेटला आहे.

मग जात म्हणजे वंशच का? नाही, आणि मुलीलाही हे सांगा. जात ही ‘रेस’च्या कल्पनेहून कितीतरी जुनी आहे. दोन्हींची गाठ घालून दिली ती इंग्रज अधिकाऱ्यांनी. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले माणसांची नाकं मोजायचे आणि म्हणायचे की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहिलं की जात हा वंशाचा विभाग नाही, आणि १९४८ मध्ये नाकांचीच मोजमापं पुढे ठेवून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत. म्हणजे जातीला रक्ताचा आधारच नाही. पण वागणूक तीच असली की नाव कुठलं का असेना. १८७१ मध्ये आलेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या कायद्यानं आपल्याकडे पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी गावात चोरी झाली की आजही आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, कुणी जातं का, ते तुम्हाला माहीत आहे. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात रंगाच्या जोडीला जन्मकुळावरून होणारा भेदही घेतला आहे. त्या करारावर भारताची सही आहे.

सासूबाईंना मात्र वाईट ठरवू नका. त्यांच्याशी ‘तुम्ही वंशवादी आहात’ असं बोलून काही हाती लागणार नाही, आणि मुलीलाही तेवढं सांभाळून घ्यायला सांगा. त्यांना विचारा: ‘आई, हे त्याइचं दुखनं आहे असं तुमाले कोन सांगतलं?’ मग डासाची गोष्ट सांगा. त्यांच्या लहानपणी हिवतापानं माणसं कशी जायची हे त्यांनी पाहिलेलं असेल. त्या आठवणीतून त्या स्वतःच इथवर येतील. नाही आल्या तर नाही. घरातल्या प्रत्येकाला पटल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, असं काही नसतं.

यजमानांशी वेगळं बोलावं लागेल. ‘तुह्याच माहेरचं’ या वाक्यात आजाराची चिंता नाही, डाग कुणाच्या माथी लागतो याची आहे. म्हणून तपासणीला न्यायनिवाडा होऊ देऊ नका. दोघं एकाच दिवशी जा, आणि जायच्या आधी एक गोष्ट ठरवा: कुणाचाही रिपोर्ट एएस आला तरी भांडण नाही. खरा उपयोग पुढे आहे. यजमान एएस निघाले तर त्यांच्या भावाबहिणींत आणि त्यांच्या मुलांत ते जनुक असू शकतं, तुम्ही निघालात तर तुमच्या माहेरी. त्या घरांतही लग्नाची पोरं-पोरी आहेत. ‘आमच्या खानदानात कोनालेच नाही’ हे वाक्य तपासणीआधी कुणालाच म्हणता येत नाही.

रिपोर्ट गावात कसा फुटला, हेही सोडून देऊ नका. तुम्ही स्वतः आशा आहात, तुमच्या वहीत गावभरच्या लोकांची गुपितं आहेत. आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे सांगा. उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीवर ही वेळ येऊ नये म्हणून तरी. आणि गावातल्या ज्या घरांनी ‘आमच्यात कायचं?’ म्हणून तपासणीला नकार दिला, त्यांच्याकडे आता पुन्हा जा. शिबिर नेहमी पोडावर किंवा वस्तीतच लागत असेल तर एकदा मारुतीच्या पारावर, ग्रामपंचायतीसमोर लावा. ‘आदिवासींचा आजार’ असं बोलायची सवय आरोग्य खात्यातल्या कित्येकांना असते. ती शब्दांची सवय मोडली नाही तर गावातली अर्धी वाहक माणसं कधीच सापडणार नाहीत, आणि एसएस बाळ जन्मल्यावर आईला दोष देतील.

आता पाहुणे. सांगा. लपवू नका. मुलगा एए असेल तर या दोघांना कधीच एसएस मूल होणार नाही. फार तर काही मुलं आईसारखी वाहक होतील. मुलगाही एएस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल एसएस होण्याची. तेव्हाही निर्णय त्या दोघांचा आहे. काही जण तिथेच थांबतात, काही जण लग्न करून गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करून घेतात. दोन्हींत लाजेचं काही नाही. मुलगाच एसएस असेल तर ती शक्यता वाढून दोनात एक होते, आणि तेही आधी कळायला हवं. आज रिपोर्ट फाडला तर उद्या दुखण्यानं तळमळणारं लेकरू मांडीवर घेऊन तुमची मुलगी एकटी बसेल, आणि तेव्हा ‘माहेरच्यांनी फसवलं’ हे शब्द तिला ऐकावे लागतील.

कधी सांगायचं? पसंती झाल्यावर, पण साक्षगंधाच्या आधी. मध्यस्थाच्या तोंडून नको, तो शब्द वाढवेल किंवा गिळेल. आणि तुम्ही किंवा यजमान बोलण्यापेक्षा मुलीला बोलू द्या, रिपोर्ट तिचा आहे. कुणाला किती सांगायचं हेही तिनंच ठरवायचं. ती साधं म्हणू शकते: ‘मी सिकलसेलची वाहक आहे, आजारी नाही. लग्नाआधी तुमचीही तपासणी व्हावी अशी माझी इच्छा आहे.’ त्यात एक वाक्य कुणी घालू नका: ‘आमच्यात खरं तर हे नसतं.’ आपली पोरगी वाचवायला पोडावरच्या पोरींना खाली ढकललं तर ती बाई जे बोलली तेच तुम्ही बोलल्यासारखं होईल. पाहुणे तपासणीला तयार झाले तर माणसं समजूतदार आहेत. ‘असलं रक्त आमच्या घरात नको’ म्हणाले, तर मुलगा एए असला तरी त्या घरात तुमची मुलगी सुखानं राहील असं मला वाटत नाही.

नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे पहिल्या झटपट चाचणीवर, विसंबू नका, पक्का रिपोर्ट इलेक्ट्रोफोरेसिसचा असतो हे तुम्हीच लोकांना सांगता. त्याला दिवस लागतात, म्हणून तुमचं दोघांचं रक्त या आठवड्यातच जाऊ द्या.

आणि पोडावरचे फॉर्म अर्धे राहिले आहेत. त्या बाईनं विचारलेल्याचं उत्तरही द्यायचं राहिलं आहे. तिच्या घरी कोण एएस आहे, कोण एसएस आहे, हे तुम्हाला वहीतून ठाऊक आहे, आणि तिनं तुमच्याबद्दल विचारलं तेव्हा ती तुमची विचारपूस करत होती. तिच्या ओसरीवर बसा. ‘हो नं बाई, माह्या पोरीलेही आहे,’ म्हणा, आणि उरलेले फॉर्म भरा.